सनद, हजेरी आणि जंगलातली वाट

कायद्याचे शिक्षण घरबसल्या ऑनलाइन घ्यावे की महाविद्यालयात हजर राहून, हा प्रश्न मोठ्या शहरांत सोयीगैरसोयीचा असेल, परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत तो न्याय कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो, याच्याशी जोडलेला आहे. 1982 साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला असून, सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच दिवस सरतो आणि पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षे भामरागडची वाटच बंद होत आली आहे. तिथल्या विद्यार्थ्याला मोबाइलवरचा वर्ग आधार वाटावा, यात नवल नाही.

तथापि, अधिवक्ता अधिनियम, 1961 अन्वये मिळणारी सनद, म्हणजे न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडण्याचा परवाना, मान्यताप्राप्त पदवीशिवाय मिळत नाही. आणि भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार ही पदवी नियमित वर्गांतूनच घ्यावी लागते, त्यासाठी प्रत्येक विषयात सर्वसाधारणपणे 70 टक्के हजेरी आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ऑनलाइन विधी महाविद्यालयातून शिकूनही वकिलीच्या परीक्षेला बसता येते; भारतात तो मार्ग खुला नाही, म्हणून जाहिरातीला भुलून फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढे तरी तपासून घ्यावे.

हजेरीचा आग्रह केवळ शिस्तीपोटी नाही. वनहक्क कायदा, 2006 खालील दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात, ज्यांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब आणि निस्तारपत्रक, म्हणजे सरपण, चराई, बांबू यांवरील गावाच्या हक्कांची महसुली नोंद, हे दोन्ही येऊ शकतात. निस्तारपत्रकाचा जीर्ण कागद समोर ठेवून त्यातील गट क्रमांक आजच्या नकाशाशी जुळवणे, किंवा माडिया बोलणाऱ्या साक्षीदाराचे उत्तर दुभाष्याच्या तोंडून येताना त्यातले काय निसटले हे ओळखणे, या गोष्टी ज्येष्ठ वकिलाच्या शेजारी बसून, त्याच्या चुका आणि दुरुस्त्या पाहतच अंगवळणी पडतात. पडद्यावर प्रश्न ऐकू येतो, पण उत्तरापूर्वी साक्षीदाराची नजर कोणाकडे वळली, ते कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही.

तरीही ज्ञान आणि सनद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, त्यामागे गावाचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह गावकऱ्यांनी दीर्घकाळ चालवलेला अभ्यासगट होता. तिथे एकत्र बसून कायदा समजून घेणाऱ्यांकडे विधी शाखेची पदवी असण्याची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि त्यांतील काहींचे मराठी भाषांतरही मिळते, तेव्हा अशा अभ्यासगटांना, आणि रोजगार हमी योजना, पेसा म्हणजे आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, किंवा तेंदूपत्त्याचे करार यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या ग्रामसभांना, ऑनलाइन अभ्यासवर्ग खऱ्या अर्थाने उपयोगी पडू शकतात.

म्हणून वकील होऊ पाहणाऱ्याने महाविद्यालयाचीच वाट धरावी, पण ती वाट त्याच्या पायाखाली येईल याची जबाबदारी समाजाने आणि शासनाने उचलावी. चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय असो वा 2011 साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ, दुर्गम तालुक्यांतील विद्यार्थ्यासाठी प्रवेशाइतकीच जागा वसतिगृहात असली पाहिजे आणि पहिल्या सत्राची फी भरतानाच तिची खात्री मिळाली पाहिजे. कारण 70 टक्के हजेरीची अट सर्वांना सारखीच लागू असली, तरी ती पाळण्यासाठी गडचिरोलीतील दुर्गम एटापल्लीच्या मुलीला जे घर सोडावे लागते, ते चंद्रपूर शहरातील विद्यार्थ्याला सोडावे लागत नाही.