जुन्या ट्रकची वही



कापसाची पहिली वेचणी घरात आली की दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. माल न्यायचा कशात? भाड्याची गाडी हंगामात मिळत नाही, मिळाली तर दर गाडीवाला ठरवतो. मग चार-पाच जण पैसे गोळा करतात आणि पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी दारात आणतात. यात विचार चुकीचा नाही. चूक होते ती हिशेबात.

आम्हीही एकदा पाच जणांत जुनी ४०७ घेतली होती. रंग ताजा, टायर रिमोल्डचे. पहिल्या महिन्यात क्लचप्लेट गेली, दुसऱ्यात मागचा पाटा तुटला, तिसऱ्यात रेडिएटर गळू लागला. दर वेळी वाटायचे, एवढे केले की झाले. हंगाम संपला तेव्हा दुरुस्तीच्या चिठ्ठ्या एका पिशवीत होत्या आणि एकूण खर्च कुणालाच सांगता येत नव्हता. भांडण मात्र पाचही जणांना सांगता येत होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय?

म्हणून आधी हिशेब मांडू. समजा, हंगामात ३० फेऱ्या झाल्या आणि दर फेरीला २५ क्विंटल कापूस गेला. म्हणजे ७५० क्विंटल. दुरुस्तीला ६०,००० रुपये लागले तर क्विंटलमागे ८० रुपये झाले. डिझेल आणि चालकाचा रोज मिळून ७० धरा. एकूण १५०. भाड्याची गाडीही १५० च घेत असेल तर तुम्ही कमावले काय? विमा, फिटनेस आणि गाडीत अडकलेले भांडवल अजून धरलेलेच नाही. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावे लागते.

काही खर्च तर मेकॅनिकच्या चिठ्ठीत येतच नाही. भरलेली गाडी रात्रभर रस्त्यात उभी राहिली, वर दव पडले, की कापसात ओलावा चढतो. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. पण तो ८ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस महामंडळ मालच घेत नाही. शंभर रुपयांचा होज पाइप वेळेवर बदलला नाही, त्याची ही किंमत.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे. पिकाचा रोग आपण पानावरून ओळखतो, तशी गाडी धुरावरून ओळखावी. काळा धूर असेल तर नोजल, डिझेल पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर. हे काम त्या मानाने कमी खर्चाचे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. रिंगा आणि लायनर झिजले, इंजिन खोलावे लागणार. पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होते, तर हेड गॅस्केट पाहा. गाडी घेण्याआधी सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करून घ्या आणि भरलेली गाडी चढावर चालवून बघा. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर सगळ्यांनाच चांगली वाटते.

पैशाचे नुकसान भरून निघेल, माणसाचे नाही. चरणमाळ, कोंडाईबारी, चांदसैली हे आपले घाट. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे चालक आम्ही पाहिले आहेत. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि भाविकांचे जीव गेले. मालाच्या गाडीत माणसे बसवायची नाहीत, हा नियम आपण आपल्यासाठीच पाळायचा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली गाडी आणि वर कापूस किंवा दादरचा कडबा, म्हणजे चालती होळी. ब्रेक आणि वायरिंग यांत काटकसर नाही. काटकसर करायची तर रंगात करा.

सरकारलाही एक प्रश्न आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर जीएसटी ५ टक्के झाला. ट्रकच्या सुट्या भागांवर तो १८ टक्के आहे. नोंदणी असलेला व्यापारी त्याची वजावट घेतो. शेतकरी मात्र पूर्ण भरतो. शेतातून बांधापर्यंत माल आणणारे यंत्र शेतीचे आणि बांधापासून बाजारापर्यंत नेणारे चैनीचे, असे आहे काय?

हा प्रश्न आकड्यांशिवाय विचारता येणार नाही. म्हणून ज्या गावात भागीदारीची जुनी गाडी आहे, तिथे उद्यापासून एक वही घाला. तारीख, किलोमीटर, डिझेल, किती क्विंटल नेले, काय मोडले, किती लागले. वही पाचही भागीदारांनी दर आठवड्याला वाचावी. ज्या हंगामात क्विंटलमागचा खर्च भाड्याच्या वर गेला, त्या हंगामानंतर मोह न ठेवता गाडी विकावी.

जिल्हा बैठकीला येताना ती वही सोबत आणा. भाषणे पुष्कळ झाली. या वेळी वह्या वाचू.