मी भाडं भरतो

आमच्या चाळीत मला नावं ठेवायला जागा पुष्कळ आहे. गणपतीच्या वर्गणीत मी घासाघीस करतो, गॅलरीत वाळत घातलेल्या दुसऱ्यांच्या चादरी बाजूला सारतो आणि बँकेत नोकरीला असूनही आजवर शेजारच्या कुणालाही कर्ज मिळवून दिलेलं नाही. पण चाळीच्या लेखी माझा खरा गुन्हा निराळाच आहे. मी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खोलीचं भाडं भरतो. आणि वर पावती मागून घेतो!

"मालकाचा माणूस आहे तो," असं माझ्या पाठीमागे बोललं जातं. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त हेडक्लार्क तर तोंडावरच म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच मालक शेफारतात हो!" माझं भाडं महिना १२५ रुपये. एवढ्या रकमेत गिरगावातला घरमालक शेफारतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला अजून कळलेलं नाही. फार तर एखादी थाळी खात असेल, आणि तीही स्वीट डिश सोडून.

तेव्हा आज हे प्रकरण चारचौघांसमोर मांडावं म्हणतो. माझं म्हणणं साधं आहे. मालकाशी भांडा, अगदी कचकचून भांडा. पण भाडं भरून भांडा. भाडं थकवणारा भाडेकरू स्वतःला मोठा वीर समजतो. प्रत्यक्षात तो मालकाच्या वकिलाचं निम्मं काम फुकटात करून ठेवत असतो.

हे मी मालकाच्या प्रेमापोटी बोलत नाही. प्रेम वाटावं असं त्यांच्यात काही नाही. मी बोलतोय ते कायद्याच्या आधारे. (बी. कॉम.ला मर्कंटाइल लॉ होता. त्यात पस्तीस मार्क मिळाले होते, पण हा भाग त्या पस्तिसातला आहे.) मुंबईत १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० या दिवशी ज्या जागेचं जे भाडं होतं, ते तिथंच खिळा मारून ठोकून ठेवल्यासारखं झालं. पुढे रुपया कुठून कुठे घसरला, पण खिळा काही हलला नाही. शेवटी १९९७ साली सुप्रीम कोर्टालाही म्हणावं लागलं की, ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही. मग १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मालकाला भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. १२५ रुपयांचे चार टक्के म्हणजे पाच रुपये. या पाच रुपयांविरुद्ध आमच्या चाळीत जी सभा भरली, तिच्या चहाचंच बिल एकशे ऐंशी रुपये झालं होतं.

पण गंमत पुढेच आहे. या दोन्ही कायद्यांनी भाडेकरूभोवती जी भक्कम भिंत उभी केली, ती एका विटेवर उभी आहे. भाडेकरू जोवर ठरलेलं भाडं देतो, किंवा द्यायला तयार आणि इच्छुक असतो, तोवर मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही. आमच्याकडे लोकांनी यातला 'इच्छुक' शब्द तेवढा उचलला आहे. लग्नाच्या बाजारात असतात तसे कायमचे इच्छुक! मालकाचा मेहताजी जिन्यात दिसला की, "देणार आहोत हो, नाही कोण म्हणतंय?" असं म्हणून दार लोटून घेतात.

असं किती दिवस चालतं? मालकानं थकबाकीची नोटीस दिली की नव्वद दिवसांची मुदत. तेवढ्यात भरलं नाही तर तो दावा लावणार. मग कोर्टाचं समन्स आल्यापासून पुन्हा नव्वद दिवस. तेवढ्यात सगळी बाकी कोर्टात भरायची, आणि त्यावर द.सा.द.शे. पंधरा टक्के व्याज! अहो, घरकर्जाला कुणी पंधरा टक्के सांगितले तर हेच लोक आमच्या बँकेवर मोर्चा आणतील. इथं मात्र आपखुशीनं अंगावर ओढून घेतात, आणि वर स्वाभिमान म्हणतात.

"पण छप्पर गळतं त्याचं काय?" हा हुकमाचा एक्का. गळतं, मान्य. माझंही गळतं. जूनपासून आमच्या पलंगाची जागा तीन वेळा बदलावी लागते आणि चौथ्या वेळी पलंग थेट स्वयंपाकघरात जातो. पण गळती ही तक्रार आहे आणि भाडं हे देणं आहे. वाण्याच्या डाळीत खडे निघाले म्हणून आपण त्याच्या तेलाचे पैसे बुडवत नाही. शिवाय कायद्यानं यावर वाट ठेवलेली आहे. दुरुस्ती करणं मालकाचं कर्तव्यच आहे. त्याला लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट पाहायची, तरी तो हलला नाही तर दुरुस्ती आपण करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. माझ्या वर्षाच्या भाड्याचा पाव हिस्सा म्हणजे ३७५ रुपये. एवढ्यात डांबर येत नाही, डांबराचा वास येतो. इथं कायदा तोकडा पडतो, हे मी छातीठोकपणे सांगेन, आणि त्यासाठी कुणी मोर्चा काढला तर झेंडाही धरीन. पण खिशात पावती ठेवून.

पावतीचा हा सोस मला वडिलांकडून आला. पूर्वी मालकाला एखादा भाडेकरू नकोसा झाला की तो भाडं घ्यायलाच नाही म्हणायचा. सहा महिने गेले की बाकीचा दावा तयार! यावर जुनी माणसं मनिऑर्डर करीत. पोस्टमन "घेण्यास नकार" असा शेरा मारून ती परत आणी. वडिलांनी असे अकरा कागद बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. आईचे दागिने तेव्हा सोसायटीत गहाण होते, पण त्या डब्याला कुलूप होतं. आज पुनर्विकासाच्या नावानं चाळीत बिल्डरची माणसं टेप घेऊन हिंडू लागली आहेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "जुन्या भाडेपावत्या आहेत ना?" तेव्हा आमचे हेडक्लार्क खाली वाकून चपलेचा अंगठा पाहू लागले. पावती देणं हे मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. पण न भरलेल्या भाड्याची पावती कुठला कायदा देणार?

आता एक घरची गोष्ट. आमच्या बँकेची शाखाही भाड्याच्या जागेत आहे. १९९९च्या कायद्यानं बँकांना या संरक्षणातून चक्क वगळलं. तेव्हापासून आमचे साहेब गिऱ्हाइकाचा चेक विसरतील, बायकोचा वाढदिवस विसरतील, पण जागेच्या भाड्याची तारीख विसरत नाहीत.

जुन्या भाडेकरूंना निदान इतिहास तरी आहे. नव्या पिढीच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वाल्यांना तोही नाही. अकरा महिन्यांचा करार, त्यावर दोन साक्षीदार, दोघांचे अंगठे यंत्रावर. इतकं सगळं करून माझा भाचा शेवटचे तीन महिने भाडं देत नाही. पुण्याला कोथरूडमध्ये राहतो, भाडं बावीस हजार, डिपॉझिट सहासष्ट. "मामा, डिपॉझिटमधून वळते करतील की!" मी म्हटलं, अरे, आमच्याकडे एकाच माणसाची मुदत ठेवही असते आणि कर्जही असतं. तो काय ठेवीच्या भरवशावर हप्ते बुडवतो? डिपॉझिट असतं ते वीजबिलासाठी, फुटलेल्या बेसिनसाठी, तू भिंतीत ठोकलेल्या त्या चौदा खिळ्यांसाठी. भाच्यानं विषय बदलला.

त्याच्या डोळ्यांसमोर मालक म्हणजे सिनेमातला, हातात काठी आणि तोंडात विडा असलेला. माझ्या काउंटरवर येणारी मालकीण मी रोज पाहतो. निवृत्त शिक्षिका, पेन्शन बेताची. मुलगा होता तेव्हा घेतलेला वन-रूम-किचन आता भाड्यानं दिलाय. दर महिन्याच्या दहा तारखेला पासबुक पुढे सरकवतात आणि हळूच विचारतात, "आलंय का हो?" मी यंत्रात पासबुक घालतो, यंत्र घरघरतं. सोसायटीचा मेंटेनन्स पाच तारखेलाच वळता झालेला असतो. औषधाच्या दुकानाचे पैसे सातला. आणि त्याखाली कोरी ओळ. "मोबाईलवरून पाठवायचं म्हणे, दोन मिनिटांचं काम असतं ना?" त्या विचारतात. दोन मिनिटांचंसुद्धा नसतं. पण मी म्हणतो, "सर्व्हर डाऊन असेल, बाई. उद्या एकदा बघा."