छापील पत्राचा मारेकरी कोण?

छापील वृत्तपत्रांचे दिवस भरले, असा पुकारा गेली काही वर्षे वृत्तपत्रांचे मालकच मोठ्या हिरिरीने करीत आहेत. वाचक मोबाइलकडे वळला, कागद महागला, तरुणांची वाचनाची सवय सुटली. सबब आवृत्त्या बंद करणे, पाने घटविणे आणि माणसे कमी करणे अपरिहार्य आहे, असा हा युक्तिवाद. मारेकऱ्यानेच मयताच्या नावाने टाहो फोडावा, तसा हा प्रकार आहे.

नागपूरचा इतिहास या युक्तिवादाविरुद्ध साक्ष देतो. 1911 साली नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने येथे ‘हितवाद’ सुरू केला तो लोकशिक्षणासाठी. पुढे ते पत्र खाजगी मालकीत गेले. गोपाळराव ओगल्यांचे ‘महाराष्ट्र’ बंद पडले, ‘नागपूर टाइम्स’ बंद पडला. त्या काळी घरोघरी मोबाइल नव्हता. पत्र हे लोकांचे साधन न राहता मालकाची मालमत्ता झाले की त्याचे आयुष्य ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीवर ठरते, हेच खरे.

दुखण्याचे मूळ जुने आहे. अंकाचा खर्च वाचकाच्या पैशांतून भागत नाही, तो जाहिरातदार भागवितो. बड्या पत्रांनी जाहिरातींच्या बळावर स्वस्तात जास्त पाने देऊन लहान पत्रांचा गळा घोटू नये, म्हणून पानांच्या संख्येशी किंमत निगडित करावी, अशी शिफारस पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 साली केली. 1956 साली कायदा झाला, 1960 साली आदेश निघाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आविष्कारस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविला. वृत्तपत्रांची नाडी सरकारच्या हाती असणे किती घातक, हे 1975 च्या आणीबाणीने दाखविले. तेव्हा त्या निकालाशी भांडण नाही. परंतु सरकारचा हात दूर झाल्याने पत्र स्वतंत्र झाले, हा मात्र भ्रम ठरला. जाहिरातदाराचा हात तेवढा मोकळा राहिला. आज तोच जाहिरातदार गूगल आणि फेसबुक यांच्या दारी निघून गेला, तेव्हा त्याच्या खांद्यावर उभारलेला डोलारा कोसळू लागला आहे.

या पडझडीची किंमत मोजतो तो श्रमिक. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 साली अधिसूचित झाल्या, 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. तरीही न्याय्य वेतनासाठी पत्रकारांना अवमान-याचिका घेऊन पुन्हा त्याच न्यायालयाची पायरी चढावी लागली. आता तर 1955 चा श्रमिक पत्रकार कायदाच इतिहासजमा झाला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी त्याची जागा घेतली आणि पत्रकारांसाठी स्वतंत्र वेतन मंडळाची तरतूद नाहीशी झाली. ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही, तो वार्ताहर विदर्भातील शेतकऱ्याच्या आत्महत्येमागचा सावकार आणि धोरण यांचा शोध कोणाच्या आधारावर घेणार?

वाचक संपला, हे तर धादांत असत्य आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर यावे. दूरदूरच्या खेड्यांतून आलेला कष्टकरी परतताना पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन जातो. पदरमोड करून तो छापील अक्षर घरी नेतो, कारण ते अक्षर त्याच्या बाजूने बोलते. ज्या पत्रात आपले जगणे दिसत नाही, त्याच्याकडे त्याने पाठ फिरविली तर दोष वाचकाचा नव्हे.

तंत्राशी वैर धरण्याचे कारण नाही. मोबाइलच्या पडद्यावरही पत्र काढता येईल, काढावेही. प्रश्न आहे तो मालकीचा. वाचकांच्या वर्गणीवर आणि श्रमिकांच्या सहकारी मालकीवर उभे राहिलेले पत्रच, कागदावर असो वा पडद्यावर, सत्तेला आणि संपत्तीला जाब विचारू शकेल. समाजवादी कार्यकर्ते हे तत्त्व व्यासपीठावरून सांगतात. स्वतःच्या साप्ताहिकाची वर्गणी मात्र थकवितात. मालकशाहीला शिव्या घालण्याचा अधिकार वर्गणी भरल्यावरच प्राप्त होतो. प्रत्येक शाखेने या वर्षी थकबाकी चुकती करावी आणि कामगार वस्तीत नवे वर्गणीदार मिळवावेत. एवढेही न घडले, तर मारेकऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव लिहावे लागेल.