विश्लेषण : ठणठणीत कुत्र्या-मांजरांचीही रक्ततपासणी करावी का?

लसीकरणासाठी कुत्र्याला किंवा मांजराला दवाखान्यात नेले, की ‘एकदा ब्लड प्रोफाइल करून घ्या’ असा सल्ला हल्ली शहरांत हमखास मिळतो. काही ठिकाणी वार्षिक ‘वेलनेस पॅकेज’चे फलकही दिसतात. प्राणी नीट खातोपितो, घरभर धावतो; मग त्याला सुई कशाला टोचायची, असे पालकांना वाटणे साहजिक आहे. ही तपासणी खरेच गरजेची की दवाखान्याच्या कमाईचा मार्ग? प्राण्याचे वय काय, तो राहतो कुठे आणि अहवाल वाचतो कोण, यावर याचे उत्तर ठरते.

लक्षणांआधी काय कळते?

सर्वात ठोस उदाहरण मूत्रपिंडाचे. उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो आणि तो गुपचूप वाढतो. मांजर थोडे जास्त पाणी पिते, थोडे बारीक होते. घरच्यांना ते ‘वयामुळे’ वाटते. रक्तातील क्रिएटिनिनही उशिरा बोलते. मूत्रपिंडाची सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता गेल्यावर ते ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते, असे मानले जाते. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यामुळे हडकुळ्या म्हाताऱ्या मांजराचा आकडा फसवा कमी दिसू शकतो. एसडीएमए ही तुलनेने नवी चाचणी यापेक्षा आधी इशारा देते आणि तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही.

वार्षिक तपासणीचा खरा उपयोग इथे कळतो. समजा, कुत्र्याचे क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी ०.७ होते आणि आज १.३ आहे. दोन्ही आकडे ‘नॉर्मल’ आहेत, तरी वाढ जवळपास दुपटीची आहे. जुना अहवालच नसेल तर ही वाढ कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणूनच तरुणपणी केलेल्या एखाद्या तपासणीतून काहीच निघाले नाही, तरी तो खर्च वाया गेला असे नाही.

रक्ताबरोबर लघवीची तपासणीही हवी. मूत्रपिंड दुबळे होऊ लागले की लघवी पातळ होते आणि हा बदल बऱ्याचदा क्रिएटिनिनच्या आधी दिसतो. ही चाचणी तुलनेने स्वस्त आहे, पण पॅकेजमधून नेमकी तीच अनेकदा गळते.

आपल्याकडे गोचीड-तापाचा मुद्दा वेगळा का?

परदेशातील सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, याचे मुख्य कारण गोचीड. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आपल्या उष्ण हवेत चांगली वाढते. ती घरातल्या भिंतींच्या फटींतही तग धरते, त्यामुळे ‘आमचा कुत्रा बाहेर जातच नाही’ यावर विसंबता येत नाही. तिच्यामार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया जिवाणूच्या संसर्गात तापाचा पहिला टप्पा ओसरल्यावर कुत्रा महिनोन्महिने, कधी काही वर्षेही वरवर धडधाकट दिसतो. त्या काळात प्लेटलेट मात्र कमी असू शकतात. काही कुत्र्यांत आजार पुढे अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतो आणि मग उपचार अवघड होतात. सीबीसीसारख्या साध्या चाचणीतून मधल्या टप्प्यातच संशय येऊ शकतो. त्या वेळी प्रतिजैविकांनी उपचार बऱ्यापैकी सोपे असतात.

आकडा लाल दिसला म्हणजे आजार?

नाही. ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे निरोगी प्राण्यांपैकी ९५ टक्के तीत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत निरोगी असूनही पाच टक्के प्राणी मर्यादेबाहेर जाणारच. एकाच वेळी २० चाचण्या केल्या आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर पूर्ण निरोगी प्राण्याचाही एखादा आकडा ‘चुकण्याची’ शक्यता सुमारे ६४ टक्के होते. पॅकेज जितके मोठे, तितके असे आकडे जास्त. त्यांच्यामागे लागून सोनोग्राफी, पुन्हा रक्त, मग आणखी काही असे सुरू झाले, की खर्चही वाढतो आणि प्राण्याची फरफटही.

काही फरक प्राण्याच्या स्वभावाचे किंवा जातीचे असतात. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यातच चढते. तेवढ्यावरून मधुमेह ठरवता येत नाही. वाढत्या वयाच्या पिल्लांत हाडांमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त असते. ग्रेहाउंडच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात. मांजरांच्या प्लेटलेटच्या गुठळ्या होऊन यंत्र त्या कमी मोजते. म्हणून आकडा शंकास्पद वाटला, तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे.

माणसांच्या लॅबमध्ये चालेल?

पशुवैद्यकीय लॅब जवळ नसेल तर अनेक जण नमुना कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये देतात. मांजराच्या तांबड्या पेशी माणसापेक्षा बऱ्याच लहान असतात. माणसांसाठी लावलेले यंत्र त्या मोजताना चुकू शकते. अहवालावरची मर्यादाही माणसाची छापलेली असते. मूत्रपिंडविकारांच्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मांजरांचा दुसरा टप्पा क्रिएटिनिन १.६ पासून सुरू होतो. माणसांच्या अहवालावर त्याआधीच, १.४ ला ‘हाय’ लिहून येईल आणि पालकांची झोप उडेल.

मग कोणी, कधी करावी?

सात-आठ वर्षांपुढील कुत्रा-मांजर असेल तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासणे योग्य. दहा वर्षांपुढे सहा महिन्यांनी केली तरी ती जास्त म्हणता येणार नाही. नसबंदी किंवा दातांच्या कामासाठी भूल द्यायची असेल, अथवा सांधेदुखीची वा झटक्यांची गोळी कायम सुरू असेल, तर वय न पाहता करावी. गोचिडी वरचेवर सापडत असतील तर किमान सीबीसी करावी. दोन-तीन वर्षांच्या तंदुरुस्त प्राण्याला एकदा मूळ नोंद म्हणून केलेली तपासणी पुरते. त्याला दरवर्षी मोठे पॅकेज घेण्याचा आग्रह मात्र पटण्यासारखा नाही.

हृदयविकार, किडलेले दात, सांधेदुखी आणि बहुतेक कर्करोग या तपासणीत दिसत नाहीत. त्यासाठी पशुवैद्यकाने प्राण्याला हात लावून तपासणे आणि दर वेळी वजन नोंदवणेच कामी येते. नमुना देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचे हे आधीच विचारून घ्यावे, कारण जेवणानंतरच्या रक्तातील चरबीमुळे काही आकडे बिघडतात. आणि अहवालाची पीडीएफ जपून ठेवावी, विशेषतः दवाखाना बदलणार असाल तर.