दंडाची पावती पोहोचते कोणापर्यंत?

महाविद्यालये सुटण्याच्या वेळी जवळच्या चौकात वाहतूक पोलीस उभे राहिले, की त्यांना फार वाट पाहावी लागत नाही. दुचाकीवर तिघे, हेल्मेट हाताला अडकवलेले, मोबाइल कानाशी आणि परवाना घरी किंवा अजून निघायचाच आहे. मुले थांबवली जातात, कोणी काकांना फोन लावतो, कोणी गयावया करतो, कोणी लांबूनच पोलीस पाहून उलट्या दिशेने गाडी वळवतो. पावत्या फाडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून तीच मुले तशीच जातात. ही पिढीच बेफिकीर आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण पोलिसांच्या कारवाईचा तरुण मुलांवर परिणाम का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर काही प्रमाणात मेंदूच्या अभ्यासात सापडते आणि काही प्रमाणात कारवाईच्या पद्धतीत.

प्रश्न किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. त्यांतील सुमारे 50 हजार जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. 5 ते 29 या वयोगटात जगभर सर्वाधिक मृत्यू रस्ते अपघातांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तरुण मुलाच्या जिवाला एखाद्या रोगापेक्षा रस्त्याचा धोका मोठा आहे. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. एवढी खात्रीची ‘लस’ हाताशी असताना ती हातालाच अडकवलेली राहते.

मित्र मागे बसला की…

किशोरवयात मेंदूचे सगळे भाग एकाच वेगाने पक्व होत नाहीत. मजा, थरार, शाबासकी यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा लवकर जोर धरते. परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. याचा अर्थ सतरा-अठराच्या मुलाला धोका कळत नाही, असा नाही. शांतपणे विचारले तर तो मोठ्यांइतकेच बरोबर उत्तर देतो. घोटाळा होतो तो ऐन वेळी, आणि विशेषतः सोबत मित्र असताना.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. किशोरवयीन, विशीच्या आसपासचे तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला गेला. काहींना एकट्याने, तर काहींना मित्रांसमोर. प्रौढांच्या खेळात मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही. किशोरांनी मात्र मित्र पाहत असताना जवळपास दुप्पट धोका पत्करला. 2011 मधील पुढच्या प्रयोगात मेंदूचे चित्रणही केले गेले. मित्र दुसऱ्या खोलीतून पाहत आहेत, एवढे ठाऊक असल्यानेही किशोरांच्या मेंदूतील आनंदाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. ‘एकटा असतो तेव्हा नीट चालवतो’ हे आईवडिलांचे म्हणणे त्यामुळे खोटे नसते, पण पुरेसेही नसते.

याला अननुभवाची जोड मिळते. नवशिक्याची नजर समोरच्या गाडीवर खिळलेली असते. उभ्या रिक्षाआडून कोणी बाहेर येईल, हा अंदाज सरावानेच येतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर कापते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले, तर सुमारे 33 मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. वेग 40 वरून 60 वर गेला, तर धडकेतील ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. शाळेत शिकलेले हे गणित चौकात आठवत नाही.

दंड मोठा की खात्री मोठी?

अपघात वाढले, की दंड वाढवा ही मागणी होते. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा वाढवण्यात आल्या. पण शिक्षेच्या धाकावर जगभर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. शिक्षा किती कडक, यापेक्षा आपण पकडले जाऊच ही खात्री अधिक परिणाम करते. आज मिळणारी मजा आणि पुढे कधीतरी होणारे नुकसान यांची तुलना करताना किशोरवयीन मन आजच्या मजेकडे झुकते. म्हणून तरुणांच्या बाबतीत खात्रीइतकाच शिक्षेचा वेगही महत्त्वाचा ठरतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 1982 पासून रस्त्यात कोणालाही थांबवून श्वासाची तपासणी सुरू केली. संशय असो वा नसो, कोणत्याही रात्री, कोणत्याही रस्त्यावर आपली तपासणी होऊ शकते, हे लोकांच्या मनात ठसले आणि दारूमुळे होणारे अपघाती मृत्यू घटले. आपल्याकडे नाकाबंदीचे बेत 31 डिसेंबरला हमखास असतात. त्या रात्री सावध राहणारा तरुण उरलेले वर्ष निर्धास्त असतो.

चौकातली तडजोड या खात्रीवरच घाव घालते. ओळख सांगून, फोन लावून किंवा चिरीमिरी देऊन सुटका झाली, तर मुलगा नियम शिकत नाही, सुटण्याची रीत शिकतो. पळून गेलेला सुटतो, हेही तो पाहतो. पोलीस दिसताच घाबरून उलट्या दिशेने गाडी पळवणे हा तर मूळ गुन्ह्यापेक्षा मोठा धोका असतो.

चलन वडिलांच्या मोबाइलवर

कॅमेऱ्यावर आधारित ई-चलनाने खात्रीचा प्रश्न बराच सोडवला. कॅमेरा ओळख पाहत नाही. पण तो पाहतो गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना नाही. चलन जाते गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर, आणि तरुणाच्या हातातली गाडी बहुधा आई किंवा वडिलांच्या नावावर असते. संदेश वाचला गेला, तर रागावणे होते आणि रक्कम भरली जाते. अनेकदा तो न वाचलेलाच राहतो. चूक करणारा, दंड भरणारा आणि शिकणारा ही एकच व्यक्ती असायला हवी, ती इथे विभागली जाते.

तोटा केवळ शिकवणीचा नाही. हेल्मेटविना दुचाकी चालवल्यास केंद्रीय कायद्यात 1000 रुपये दंडाबरोबर तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. दुचाकीवर तिघे बसल्यासही तसेच. तरुणाला 1000 रुपयांपेक्षा तीन महिने गाडी न मिळणे अधिक बोचेल. पण त्यासाठी चालवत कोण होते, हे कळायला हवे. पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे, तरी पैसे भरून विषय संपवणे सगळ्यांनाच सोयीचे वाटते. म्हणजे चौकातल्या पोलिसाची कारवाई योग्य व्यक्तीवर आणि तत्काळ होते, पण तिची खात्री नसते. कॅमेऱ्याची खात्री असते, पण त्याची शिक्षा उशिरा आणि भलत्याच माणसाला पोहोचते. दोन्ही पद्धती अर्ध्या आहेत. कॅमेऱ्याने टिपलेला क्रमांक पुढच्या चौकातल्या पोलिसाला लगेच कळला आणि चालक तिथेच थांबवला गेला, तर हे दोन अर्धे जुळतील.

अठराव्या वर्षाखालील मुलांसाठी कायदा पालकांनाच जबाबदार धरतो. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी चालवता येतात त्या 50 सीसीपर्यंतच्या दुचाकी. घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर त्याहून बऱ्याच मोठ्या असतात. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले आणि या तरतुदींवर देशभर चर्चा झाली. पण रोज शिकवणीला स्कूटर घेऊन जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांबद्दल बोलताना तीच चर्चा ‘काय करणार, बसच वेळेवर नसते’ इथे थांबते. ही अडचण खरी आहे. ती सोडवायला पोलीस नव्हे, बससेवा लागते.

परवाना टप्प्याटप्प्याने

न्यूझीलंडने 1987 मध्ये दुसरा मार्ग धरला. तिथे शिकाऊ परवान्यानंतर लगेच पूर्ण मुभा मिळत नाही, मधला एक टप्पा असतो. त्या काळात रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि अनुभवी चालक शेजारी नसताना मित्रांना बसवण्यावरही बंधन असते. पुढे ही पद्धत ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेतील राज्यांनी स्वीकारली. तरुण चालकांचे अपघात तिच्यामुळे घटतात, असे अभ्यासांत आढळले आहे. रात्र आणि मित्र ही धोक्याची दोन कारणे पहिल्या काही महिन्यांपुरती बाजूला ठेवणे, एवढेच तिचे सूत्र.

आपल्याकडे शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाले, की पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ती पार केलेला अठरा वर्षांचा मुलगा त्याच रात्री चार मित्रांना घेऊन महामार्गावर गेला, तरी कायद्याने त्याला हरकत नाही. कायदा बदलेपर्यंत हा मधला टप्पा घरात पाळता येतो. पहिले सहा महिने रात्री गाडी नाही, मित्र मागे नाहीत, हेल्मेटविना किल्ली नाही. चलन आले, तर ते चुकते करण्याआधी चालवणाऱ्याच्या हातात द्यावे, रक्कम त्याच्या खर्चातून वळती करावी आणि काही दिवस किल्ली काढून घ्यावी. चौकात थांबवले गेल्याचा फोन आला, तर साहेबांची ओळख शोधण्याऐवजी ‘पावती घे आणि गाडी ढकलत घरी ये’ एवढेच सांगावे. शिक्षा त्याच दिवशी, त्याच मुलाला मिळेल, आणि ती शंभराच्या एखाद्या नोटेपेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.