चादरीवरचे गोळे

गेल्या पावसाळ्यात एका घरी रुग्ण पाहण्यास गेलो होतो. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले, ऐंशी ओलांडलेले ते गृहस्थ दीड महिन्यापासून बहुतेक वेळ अंथरुणातच होते. रक्तदाब घेतला, छाती तपासली, औषधांच्या पट्ट्या पाहिल्या आणि निघण्याच्या बेतात होतो, तेव्हा त्यांच्या सूनबाई संकोचाने म्हणाल्या, "डॉक्टर, चादरीकडे बघू नका हं. महिन्यापूर्वीच नवी आणली, कॉटन म्हणून घेतली, आणि आत्ताच हे असे गोळे आलेत. रोज धुते, तरी मळकट दिसते."

मी चादरीकडे पाहू नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणूनच पाहिले. गोळे सगळीकडे नव्हते. चादरीचा नक्षीचा काठ नेहमी उशाशी येईल अशीच ती अंथरली जात असे, त्यामुळे शरीराचा प्रत्येक भाग रोज चादरीच्या त्याच जागी टेकत होता. कमरेखाली एक विरळ पट्टा होता आणि पायथ्याशी वितीएवढे दोन ठसे, त्यांपैकी डावा फार दाट. पांघरूण बाजूला करून डावी टाच उचलली. टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळसर तांबूस डाग होता. बोटाने दाबला तरी फिका होईना. कातडी अजून फाटली नव्हती, एवढेच समाधान. पंधरा दिवसांपूर्वी मी याच खोलीत येऊन गेलो होतो, आणि त्या वेळी पांघरूण वर करून टाचा पाहण्याचे मला सुचले नव्हते. चादरीने मात्र तिची नोंद ठेवली होती.

कपड्यांना गोळे येणे हा गृहिणींच्या तक्रारीचा विषय. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात त्याला स्थान नाही. तरीही तो इथे घेण्याचे कारण वरील टाच आहे.

सूत म्हणजे असंख्य आखूड तंतूंना पीळ देऊन केलेला धागा. कापसाचा तंतू साधारणपणे दोन ते साडेतीन सेंटिमीटर लांब असतो. जुन्या देशी वाणांचा आखूड व जाडसर, तर कोईमतूरला विकसित झालेल्या 'सुविन'सारख्या वाणांचा लांब व तलम. मुंबईत माटुंग्याला १९२४पासून कापसाच्या तंतूची लांबी, बारीकपणा आणि मजबुती तपासणारी प्रयोगशाळा आहे, यावरून या गोष्टींचे मोल ध्यानात यावे. तंतू जितका आखूड, तितकी त्याची अधिक टोके धाग्याबाहेर डोकावणार. कापड कशावर तरी घासले जाऊ लागले की ही टोके आणखी बाहेर ओढली जातात आणि कापडावर लव येते. घर्षण चालू राहिले की ती लव एकमेकींत गुंतते आणि तिची गुठळी होते. तोच आपला गोळा. ज्या धाग्याला पीळ सैल, ज्याची वीण सैल, त्याला गोळे लवकर येतात. म्हणून होजिअरीचे बनियन आणि गाऊन आधी खराब होतात. घट्ट विणीचे पॉपलिन किंवा मांजरपाट बराच काळ तग धरते.

येथवर शुद्ध सूत आणि मिश्र कापड यांची वाट एकच आहे. पुढे ती वेगळी होते. कापसाचा तंतू तुलनेने लवकर तुटतो. त्यामुळे शुद्ध सुती कापडावरचे गोळे काही धुण्यांनंतर आपोआप गळून जातात. जुने सुती लुगडे मऊ, गुळगुळीत लागते, गोधडीला तेच हवेसे वाटते, त्याचे एक कारण हेच: त्यावरची सैल लव कधीच झडून गेलेली असते. मिश्र कापडातला पॉलिएस्टरचा तंतू मात्र चिवट. तो स्वतः तुटत नाही आणि तुटलेल्या कापसाच्या तंतूंनाही धरून ठेवतो. गोळा धाग्याच्या दोराने कापडाला बांधल्यासारखा राहतो. कित्येक धुण्यांनंतरही तो जिथल्या तिथे असतो.

सूनबाईंनी दुकानदाराच्या शब्दावर घेतलेली चादर मिश्र होती. फसवणूक झाली खरी, पण त्या मिश्रणामुळेच महिन्याभराच्या घर्षणाचा पुरावा तिच्यावर टिकून राहिला. चादर शुद्ध सुती असती तर तो रोज धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेला असता. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा: सुती चादर स्वच्छ, बिनगोळ्यांची दिसते म्हणून रुग्णाची कातडी सुरक्षित आहे, असे कोणीही समजू नये. चादर काही सांगो वा न सांगो, टाचा, माकडहाड, खुबे, कोपर आणि खांद्याची पाती रोज डोळ्यांनी पाहायची आणि हाताने चाचपायची.

टाच एवढी का घासली गेली, हे विचारता उलगडा झाला. जेवताना व दूरदर्शन पाहताना त्यांच्या पाठीमागे तीन उशा रचल्या जात. माणूस अर्धवट बसला की हळूहळू पायथ्याकडे घसरतो. घसरू नये म्हणून तो टाच रोवतो. ज्या पायाची शस्त्रक्रिया झालेली नाही, तोच रोवतो. यांचा तो डावा पाय. मग घरचे दोघे काखेत हात घालून त्यांना वर ओढत, तेव्हा टाच आणि पार्श्वभाग चादरीवरून पुन्हा घासला जाई. त्यातच कातडी चादरीला धरून जागेवर राहते आणि आतले हाड सरकते. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. म्हातारपणी कातडी पातळ होते, तिचे थर एकमेकांना पूर्वीइतके घट्ट धरून नसतात. घामाने किंवा लघवीने ओलसर झालेली कातडी कापडाला अधिक चिकटते. पावसाळ्यात न वाळलेली दमट चादर अंथरली तर हेच होते.

उपाय खर्चाचे नव्हते. पोटरीखाली लांबीच्या दिशेने एक मऊ उशी अशी ठेवायची, की टाच अधांतरी राहील. फक्त गुडघ्यामागे उशी खोचायची नाही. त्यांच्या खुब्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी घातलेली बंधने मोडत नाहीत ना, एवढे फोनवर विचारून घेतले. जेवणाची वेळ सोडून पाठीचा उठाव ३० अंशांच्या आसपासच ठेवायचा. वर सरकवताना काखेत धरून ओढायचे नाही. कमरेखाली एक दुहेरी घडीची चादर आडवी घालून दोघांनी दोन बाजूंनी ती धरायची आणि माणूस उचलून ठेवायचा. कूस बदलण्याच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्या, रात्रीच्यासुद्धा. डागाला तेल लावून चोळणे त्यांच्या घरी सुरू होणारच होते. ते थांबवले, कारण आधीच दुखावलेल्या जागी मर्दन केल्याने आतली इजा वाढते. तीच गोष्ट मधे भोक असलेल्या रबरी कड्याची. ते कडे कडेच्या भागावर दाब आणते आणि मधल्या जागेचा रक्तपुरवठा उलट कमी करते. काळ्यासावळ्या वर्णावर लाली दिसत नाही, हेही सांगायला हवे. तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिळपिळीत लागते का, हे हात लावून पाहावे. फोड आला, कातडी फुटली, डाग काळा पडला किंवा दुर्गंधी आली, तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे; मधुमेह असेल तर त्याच दिवशी.

त्या दिवसापासून कपड्यांवरचे गोळे पाहण्याची मला खोडच लागली आहे. काखेत, मांड्यांच्या आत, कॉलरवर गोळे सर्वांनाच येतात. त्यात काही शोधू नये. पण नेहमीपेक्षा निराळ्या जागी, किंवा एकाच बाजूला आले, तर विचारपूस करावी. एका आजींच्या पूर्ण बाह्यांच्या सुती ब्लाउजच्या उजव्या कोपराशीच गोळे होते. दिवसभर खुर्चीच्या लाकडी हातावर कोपर टेकून बसण्याची सवय निघाली, आणि करंगळीला मुंग्या येतात ही त्यांची जुनी तक्रार त्याच कोपरातून जाणाऱ्या नसेची होती. खुर्चीच्या हातावर जाड पंचाची घडी बांधली आणि कोपर टेकणे कमी केले. गाऊनच्या पाठीवर किंवा कमरेशी गोळे दिसले, तर खाज येऊन पाठ भिंतीला, खुर्चीला घासली जाते का ते विचारावे. उतारवयातील खाज बहुधा कोरड्या त्वचेची असते. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच लावलेले मलम एवढ्याने ती पुष्कळ कमी होते. पण रात्री वाढणारी, घरात इतरांनाही होणारी खाज खरजेची असू शकते, आणि न थांबणारी खाज मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडच्या विकारातही आढळते. नुसते कपडे बदलून तिथे भागणार नाही.

आता खरेदीविषयी. प्रयोगशाळेत कापड घासून त्याला ५ ते १ अशी श्रेणी देतात. ५ म्हणजे गोळे नाहीत, १ म्हणजे गोळ्यांनी भरलेले. ही श्रेणी दुकानातल्या चिठ्ठीवर सहसा छापलेली नसते. म्हणून चिठ्ठीवर १०० टक्के कापूस असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. 'कॉटन फील' म्हणजे कापूस नव्हे. 'कोम्ब्ड' असे लिहिले असेल तर सुताई करताना आखूड तंतू विंचरून काढलेले असतात. शंका असल्यास शिवणीतले दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहता येतात: कापूस कागदासारखा जळून मऊ राख होतो, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी बनतो. हा प्रयोग घरातल्या तरुणाने मोरीत करावा, आजोबांनी पलंगावर बसून नव्हे. २०१९ साली अमेरिका, युरोप आणि आशिया-पॅसिफिक भागातील तज्ज्ञसंस्थांनी शय्याव्रणांविषयी जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत धोका असलेल्या रुग्णांसाठी कमी घर्षणाच्या, रेशमासारख्या कापडाचा विचार करावा असे सुचवले आहे. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि महागही आहे. घट्ट विणीची, खळ न केलेली, सुरकुत्या न पडू देता अंथरलेली सुती चादर मला बहुतेक घरांसाठी पुरेशी वाटते.

धुताना कपडे उलटे करावेत, यंत्र गच्च भरू नये, जाड टॉवेल वेगळे धुवावेत. ब्रशने घासणे आणि दगडावर आपटणे यांनी लव वाढतेच. मात्र मलमूत्राने भरलेल्या चादरीच्या बाबतीत मी गोळ्यांची पर्वा करणार नाही. ती गरम पाण्यात, नीट साबणाने धुवून उन्हातच वाळली पाहिजे. कापड मऊ करण्याच्या सुगंधी द्रवांचा मला फारसा उत्साह नाही. त्यांनी पंचाचे पाणी शोषणे मंदावते आणि त्यातल्या वासाच्या द्रव्यांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते.

आलेले गोळे काढण्यासाठी घरोघरी दाढीचे पाते वापरले जाते, आणि हे काम बहुधा रिकामा वेळ असलेल्या ज्येष्ठांकडे सोपवले जाते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, हात थरथरत असतील किंवा मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर पाते हातात देऊ नये. जाळीच्या आत पाते असलेले, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र मिळते. कपडा अंगावर नसताना, सपाट पसरून ते फिरवावे. आणखी एक सावधगिरी: लव आलेल्या सुती कापडाच्या पृष्ठभागावरून ज्योत झरकन पसरते, मिश्र कापड वितळून कातडीला चिकटते. फ्लॅनेलचा गाऊन घालून गॅसपाशी किंवा देवघरातल्या समईपाशी वाकणाऱ्या आजींना निदान पदर आणि बाह्या आवरून घेण्याची आठवण करावी.

त्या गृहस्थांची टाच पूर्ववत व्हायला सात आठवडे लागले. पुढच्या भेटीत सूनबाईंनी नवी सुती चादर अंथरली होती. जुनीचे काय केले, असे विचारले. त्यांनी तिचे चार तुकडे करून पोटरीखालच्या उशीला अभ्रे शिवले होते, गोळ्यांची बाजू आत घालून.