ओवा, हळद आणि रविवारचं चिकन



गेल्या महिन्यात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन कागद आले. पहिला होता आत्याच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे, त्यात जंतुसंसर्ग झालेला आणि ताप काही उतरेना. रिपोर्टमध्ये अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी होती आणि प्रत्येक नावापुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिलेलं होतं. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला जुमानणार नाही. आत्याच्या यादीत ‘आर’च जास्त होते. शेवटी शिरेतून द्यायचं एक औषध लागू पडलं आणि आत्या घरी आली.

दुसरा कागद होता रविवारच्या चिकनच्या पाकिटावरचा. भाचीनं ऑनलाइन मागवलेलं, नेहमीच्या दुकानापेक्षा बरंच महाग. वर लिहिलं होतं, ‘वनस्पतीयुक्त खाद्यावर वाढवलेले’. भाची म्हणाली, “मावशी, कोंबडीला जिवंतपणीच हळद-ओवा खाऊ घालतात? म्हणजे मॅरिनेशन आधीच झालंय की!” सगळे हसले. पण नंतर विचार करताना लक्षात आलं, की हे दोन्ही कागद एकाच गोष्टीतले आहेत.

ही गोष्ट सुरू होते आपल्या तेलुगू शेजारातल्या एका माणसापासून. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखाली बेंजामिन डग्गर यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक शोधलं. 1948 मध्ये ते जगापुढे आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबडीच्या पिल्लांसाठी स्वस्त पोषणद्रव्य शोधत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी खाद्यात मिसळला, तर पिल्लं भराभर वाढली. कारण होतं चोथ्यात राहिलेलं थोडंसं औषध. 1950 मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि पुढे जगभर निरोगी कोंबड्यांनासुद्धा रोज चिमूटभर अँटिबायोटिक मिळू लागलं.

इथे एक गैरसमज दूर करते. ब्रॉयलर कोंबडी चाळीसेक दिवसांत दोन किलोंच्या वर जाते, ती ‘हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे’ असं आपण भिशीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत ऐकतो. ते खरं नाही. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना एकेक करून इंजेक्शन टोचत बसणं कुणाला परवडणार? ही वाढ पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवड पैदाशीची आणि मका-सोयाबीनच्या मोजूनमापून दिलेल्या खाद्याची आहे. काळजीचा खरा विषय हार्मोन नाही, अँटिबायोटिक आहे.

का? औषधाचा पूर्ण डोस जंतू मारतो. रोजचा अपुरा डोस मात्र कमजोर जंतू मारतो आणि चिवट तेवढे शिल्लक ठेवतो. मग त्या चिवटांचीच प्रजा वाढते. हे जंतू मांस, पाणी, खत आणि माणसांचे हात यांतून बाहेर पसरतात. आत्याचा जंतू कोंबडीतून आला असं मी म्हणत नाही. माणसांनी सर्दी-पडशाला उगाच घेतलेल्या गोळ्याही तितक्याच दोषी आहेत. पण दोन्हीकडचं पाणी शेवटी एकाच विहिरीत उतरतं. 2014 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले होते. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. तेही कोंबड्यांना दिलं जात होतं. 2019 मध्ये आपल्या सरकारनं खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

युरोपीय संघानं तर वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंद केलं. मग प्रश्न आला, की त्याऐवजी काय? उत्तर शोधत शास्त्रज्ञ आपल्या मिसळणाच्या डब्यापर्यंत आले.

ओव्याचंच बघा. आजीच्या अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर ‘ओव्याचं फूल’ असायचं. ते म्हणजे थायमॉल. जंतूच्या पेशीचं जे आवरण असतं, ते थायमॉल सैल करतं आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो. परदेशात हेच काम थाइम आणि ओरेगॅनोच्या तेलाकडून करून घेतात. लसणातल्या अ‍ॅलिसिनमध्येही जंतूंना रोखण्याचा गुण आहे. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करायला मदत करतं. शिवाय अशा मसाल्यांमुळे पाचकरस जास्त सुटतात, म्हणजे खाल्लेलं अंगी लागतं. कोंबडीपालनात निम्म्याहून कितीतरी जास्त खर्च खाद्याचाच असतो. त्यामुळे खाद्य थोडं जरी वाचलं तरी शेतकऱ्याचा फायदा होतो. शेवग्याचा पाला, मेथी, तुळस यांवरही भरपूर प्रयोग झाले आहेत.

आपण तर या बाबतीत भाग्यवान. सांगलीची हळद आपल्या माहेरची, निजामाबादची सासरची! कोंबड्यांवर संशोधन करणारी देशपातळीवरची संस्थाही आपल्याच गावात आहे. राजेंद्रनगरचं कुक्कुट संशोधन संचालनालय 1988 पासून काम करतंय. खेड्यातल्या परसात वाढणाऱ्या ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ या जाती तिथल्याच.

मग सगळ्यांनी हळद-ओवा सुरू करावा आणि प्रश्न मिटला? इतकं सोपं नाही. गोळीतलं औषध दर वेळी तेवढंच असतं, ओव्याचं तसं नसतं. जमीन, पाऊस, काढणी, साठवण यांप्रमाणे त्याचा कस बदलतो. म्हणून एका प्रयोगात उत्तम निकाल येतो आणि दुसऱ्यात काहीच फरक दिसत नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी शोषलं जातं. वास उग्र झाला तर कोंबडी खाद्य कमी खाते. आणि मुख्य म्हणजे शेडमध्ये दाटी असेल, खालचं तूस ओलं असेल, लसी वेळेवर दिल्या नसतील, तर कुठलाच मसाला रोग थांबवत नाही. वनस्पती स्वच्छतेला हातभार लावतात, तिची जागा घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट शहरात बसून आपल्याला दिसत नाही. तेलंगणात काय किंवा महाराष्ट्रात काय, बरेच शेतकरी कंपनीशी करार करून कोंबड्या वाढवतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. त्याला मिळते वाढवलेल्या वजनाची मजुरी. खाद्यात काय मिसळायचं हे त्याच्या हातात नसतंच. त्यामुळे त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न विचारायचा तो विकणाऱ्या कंपनीला, आणि तो विचारू शकतो आपण, गिऱ्हाईक.

भाचीला मी तेच सांगितलं. पाकिटावर ‘हर्बल’ आहे का हे बघू नकोस, कारण हर्बल खाद्याबरोबर अँटिबायोटिकही दिलेलं असू शकतं. अँटिबायोटिक वापरलं का, वापरलं असेल तर शेवटच्या डोसनंतर ठरलेले दिवस थांबले का, मांसाची तपासणी झाली का, हे विचार. तिनं त्या कंपनीला ईमेल पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही. पण तुमच्यापैकी पन्नास जणांनी पाठवली, तर येईल.

तोवर घरात एवढं करूया. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. त्याची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, हात साबणानं धुवा, मांस आतपर्यंत शिजवा. आणि डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकं मनानं सुरू करू नका, मध्येच सोडूही नका.

आत्या आता बरी आहे. रविवारी तिनं चिकनचा रस्सा मागून घेतला आणि म्हणाली, “यात ओवा कमी पडलाय गं.”

पुढच्या महिन्यात भेटूच!